नाव ज्याचे, गिऱ्हाईक त्याचे : वेबसाईटच्या लिंकला कोणते शब्द द्यावेत?

उपनगरातील लहान दुकानदाराला आणि कारागिराला आज दोन पाट्या लागतात. एक दुकानाच्या दारावरची आणि दुसरी इंटरनेटवरची. पहिल्या पाटीसंबंधी कायदा आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ यात २०२२ साली दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत असे ठरले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि त्याच वर्षी २८ नोव्हेंबरपासून मुंबई महापालिकेने कारवाई सुरू केली. तेव्हा अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील पाटी रंगविणाऱ्यांना उसंत मिळाली नाही. दारावरच्या पाटीवर कोणता शब्द कोठे आणि केवढा असावा, याचा विचार त्या निमित्ताने प्रत्येकाला करावा लागला.

दुसऱ्या पाटीची तपासणी करायला मात्र कोणी येत नाही. दुकानदार पाच-दहा हजार रुपये मोजून वेबसाईट करून घेतो. तिच्यावर फोटो टाकतो, फोन नंबर टाकतो आणि गिऱ्हाईक येईल म्हणून वाट पाहतो. गिऱ्हाईक काही येत नाही. तो गूगलवर मालाचे नाव लिहून शोधतो तेव्हा वर मोठ्या कंपन्या दिसतात, यादी छापणारे दलाल दिसतात, आणि ज्याने माल हाताने घडविला त्याचे नाव चौथ्या-पाचव्या पानावरही सापडत नाही. मग ऑर्डर दलालामार्फत येते आणि नफ्याचा मोठा वाटा मधल्या मधे जातो.

याला कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक कारण असे आहे की ते दूर करायला पैसा लागत नाही, फक्त थोडी समज लागते. ते कारण म्हणजे लिंकचे शब्द. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी हा विषय संगणकवाल्यांचा म्हणून सोडून देऊ नये, यासाठी तो येथे सविस्तर मांडत आहोत.

लिंक म्हणजे शिफारस

एका वेबसाईटवरील काही शब्दांवर बोट ठेवले की दुसरे पान उघडते. त्या जोडणीला लिंक म्हणतात. ज्या शब्दांवर बोट ठेवायचे ते लिंकचे शब्द होत. संगणकाच्या भाषेत त्यांना अँकर टेक्स्ट असे नाव आहे. बहुतेक वेळा तेथे ‘येथे क्लिक करा’, ‘अधिक माहिती’, ‘पुढे वाचा’ असे काहीतरी लिहिलेले असते.

याचा अर्थ बाजाराच्या भाषेत समजून घेऊ. जोगेश्वरी स्टेशनबाहेर एखाद्याने चहावाल्याला विचारले, ‘जुन्या सागवानी कपाटाला पॉलिश कोण करून देईल?’ चहावाल्याने नुसता हात करून ‘तिकडे जा’ म्हटले, तर विचारणारा कदाचित पोहोचेल. पण शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाला त्यातून काहीच कळणार नाही. तोच चहावाला म्हणाला, ‘रिलीफ रोडवर जा, तिथे अमुक उस्ताद आहेत, जुन्या सागवानाचे पॉलिश त्यांच्यासारखे कोणी करत नाही,’ तर तिसऱ्या माणसालाही दुकानाची जागा कळली, काम कळले आणि कारागिराचा लौकिकही कळला.

सर्च इंजिन हा तो तिसरा माणूस आहे. तो दुकानात येत नाही, लाकडावर हात फिरवून पाहत नाही. कोण कोणाला काय म्हणून ओळखतो, हे ऐकत तो इंटरनेटवर फिरत असतो. ‘येथे क्लिक करा’ हे त्याला ‘तिकडे जा’ इतकेच ऐकू येते.

ही रीत कोठून आली?

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. मुंबई ही त्या पहिल्या शहरांपैकी एक होती. त्या काळची बहुतेक सर्च इंजिने मुख्यतः पानावर काय लिहिले आहे ते वाचत आणि त्यावरून क्रम लावत. परिणाम असा झाला की जो स्वतःची स्तुती जास्त वेळा लिहील तो वर येई. आपल्याच तोंडाने आपली तारीफ करणाऱ्याला बाजारात जशी किंमत नसते, तशी ती तेथेही नसायला हवी होती. पण यंत्राला ते कळत नव्हते.

१९९८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे दोन विद्यार्थी, सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज, यांनी एक निबंध मांडला. त्यांनी उभारलेल्या सर्च इंजिनचे नाव गूगल. निबंधातील एक मुद्दा असा की लिंकचे शब्द ज्या पानावर लिहिलेले असतात त्या पानाच्या खात्यावर मांडावेतच, पण लिंक ज्या पानाकडे नेते त्याच्या खात्यावरही मांडावेत. कारण दुसऱ्याने केलेले वर्णन पुष्कळदा पानाने स्वतः केलेल्या वर्णनापेक्षा अधिक नेमके असते. शिवाय ज्या पानावर मजकूर नाही, नुसते चित्र आहे, तेही अशा वर्णनामुळे सापडू शकते. ही कल्पना त्यांच्याआधी १९९४ च्या वर्ल्ड वाईड वेब वर्म नावाच्या सर्च इंजिनात वापरली गेली होती, हेही त्यांनी नमूद केले आहे. त्या वेळी त्यांनी २ कोटी ४० लाख पाने गोळा केली होती आणि त्यांतून २५ कोटी ९० लाखांहून अधिक लिंकचे शब्द नोंदविले होते.

त्यानंतर सर्च इंजिनात पुष्कळ बदल झाले. आज गूगल क्रम लावताना कितीतरी गोष्टी पाहते, लिंकचे शब्द हा त्यांपैकी एक भाग आहे. नुसत्या शब्दांनी धंदा वर येईल असे आम्ही म्हणत नाही. परंतु चुकीचे किंवा मुके शब्द वापरून आपण हातातला एक फायदा फुकट घालवतो, एवढे निश्चित.

रस्त्याचे नाव पुरत नाही

आता आपल्या उपनगरांकडे वळू. ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार सर्वांना माहीत आहे. जोगेश्वरी पश्चिमेला एस. व्ही. रोडलगत जुने-नवे फर्निचर, दारे-खिडक्या, पॉलिश, गादीकाम, कोरीवकाम यांची दुकाने व कारखाने एकमेकांना लागून आहेत. येथील एखाद्या कारागिराच्या वेबसाईटकडे जाणारी लिंक कोणत्या शब्दांत असावी?

‘एस. व्ही. रोडवरील फर्निचर’ असे लिहिले तर ते अपुरे आहे. एस. व्ही. रोड वांद्र्याहून निघून अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड, कांदिवली करीत बोरिवलीच्या पुढे जातो. हीच गोष्ट पूर्वेकडील लालबहादूर शास्त्री मार्गाची. ‘एलबीएस मार्ग’ एवढ्यावरून दुकान कुर्ल्याला आहे, घाटकोपरला आहे, भांडुपला आहे की मुलुंडला, हे कोणालाच कळत नाही. मुंबईचे गिऱ्हाईक स्टेशनवरून आणि पूर्व-पश्चिमेवरून विचार करते. ‘अंधेरी’ एवढे पुरत नाही, अंधेरी पूर्व की पश्चिम ते सांगावे लागते. साकीनाका, मरोळ येथील वर्कशॉपवाल्याने ‘अंधेरी’ लिहिले आणि गिऱ्हाईक पश्चिमेला उतरून फिरत राहिले, तर दोष गिऱ्हाइकाचा नाही.

शिवाय नावे बदलतात आणि नवी येतात. जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्यामध्ये २२ डिसेंबर २०१६ रोजी नवे स्टेशन सुरू झाले. ते ओशिवरा भागात आहे, पण त्याचे नाव राम मंदिर. पुढे जानेवारी २०२३ मध्ये मेट्रो २-अ चा अंधेरी पश्चिमेपर्यंतचा टप्पा सुरू झाला. त्यावर ओशिवरा नावाचे स्टेशन आहे, पण ते लिंक रोडवर आहे. बाहेरगावचे गिऱ्हाईक ‘ओशिवरा स्टेशन’ म्हणून मेट्रोने उतरले तर फर्निचर बाजारासाठी त्याला पुन्हा एस. व्ही. रोडकडे यावे लागते. म्हणून पत्त्याच्या पानाकडे नेणारी लिंक ‘ओशिवरा फर्निचर बाजार, राम मंदिर स्टेशन पश्चिमेहून येण्याचा रस्ता’ अशी असेल, तर ती गिऱ्हाइकाच्याही उपयोगाची आणि सर्च इंजिनच्याही.

शब्द निवडताना चार गोष्टी

पहिली गोष्ट, काम काय ते सांगा. ‘आमची उत्पादने’ या शब्दांत काहीच नाही. भांडीवाल्यालाही ते लागू पडतात आणि चप्पलवाल्यालाही. त्याऐवजी ‘सागवानी दिवाण : मापे व दर’, ‘लग्नाच्या कपड्यांवरील जरदोजी काम’, ‘खिडकीच्या लोखंडी ग्रिलचे नमुने’ असे लिहावे. कारागिरांचा एक गैरसमज असतो की इंग्रजी भारदस्त शब्द लिहिले की माल उंची वाटतो. गिऱ्हाईक मात्र आपल्या तोंडातला शब्द लिहून शोधते. त्याला जुने कपाट दुरुस्त करायचे असते, तेव्हा ते ‘रिस्टोरेशन सोल्युशन’ लिहीत नाही.

दुसरी गोष्ट, लिंक जेथे नेते तेथे तीच वस्तू असली पाहिजे. ‘जुन्या फर्निचरचे पॉलिश’ या शब्दांवर बोट ठेवले आणि समोर नव्या प्लायवूडच्या कपाटांची जाहिरात उघडली, तर गिऱ्हाईक क्षणात परत फिरते. बाहेर एका मालाचा नमुना टांगायचा आणि आत दुसराच माल दाखवायचा, असा हा प्रकार झाला. त्यासाठी प्रत्येक मुख्य कामाला वेबसाईटवर वेगळे पान असावे. एकाच पानावर वीस कामांची खिचडी केली, तर कोणती लिंक कोठे न्यावी हेच ठरवता येत नाही.

तिसरी गोष्ट, शब्द थोडके असावेत. चार-सहा शब्दांत काम व गरज असेल तर ठिकाण, एवढे पुरे. संपूर्ण परिच्छेदावर लिंक लावली तर तिचा अर्थ पातळ होतो. दोन लिंका एकमेकींना चिकटून ठेवल्या तर एक कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली हे वाचणाऱ्याला समजत नाही. गूगलने स्वतः वेबसाईट चालविणाऱ्यांना दिलेल्या सूचनांचा मथितार्थ हाच आहे की शब्द वर्णन करणारे, थोडके आणि दोन्ही पानांशी संबंध असलेले असावेत. ते शब्द आजूबाजूच्या वाक्यात सहज बसले पाहिजेत. वाक्य मोठ्याने वाचून पाहावे. जीभ अडखळली तर शब्द कोंबले आहेत असे समजावे.

चौथी गोष्ट, चित्राला मुके ठेवू नका. आपल्या कारागिरांच्या वेबसाईट बहुतेक फोटोंच्याच असतात आणि फोटोवर बोट ठेवून पुढचे पान उघडते. अशा वेळी फोटोसोबत जो वर्णनाचा मजकूर आत नोंदविता येतो, तोच लिंकचे शब्द म्हणून धरला जातो. वेबसाईट करणाऱ्याला विचारा की प्रत्येक फोटोला हे वर्णन दिले आहे काय. पुष्कळदा तेथे कॅमेऱ्याने दिलेला नुसता आकडा असतो. ‘शिसवी खुर्चीच्या पाठीवरील जाळीकाम’ असे लिहायला अर्धा मिनिट लागतो. याचा आणखी एक लाभ आहे. दृष्टिहीन माणसे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारे यंत्र वापरतात. ते यंत्र लिंकांची यादी वाचू लागले आणि ‘येथे क्लिक करा’, ‘येथे क्लिक करा’ असे दहा वेळा म्हणाले, तर त्या माणसाने काय समजावे?

भाषेचाही येथे प्रश्न येतो. गिऱ्हाईक कधी मराठीत शोधते, कधी हिंदीत, तर कधी इंग्रजीत. त्यासाठी एकाच लिंकमध्ये तिन्ही भाषांचे शब्द रचू नयेत. मराठी पान वेगळे, इंग्रजी पान वेगळे करावे आणि मराठी पानाकडे नेणारी लिंक मराठी शब्दांत द्यावी. दारावरची पाटी मराठीत झाली आहेच, तर तेच शब्द वेबसाईटवरही आणावेत.

लिंक देणार कोण?

स्वतःच्या वेबसाईटवरील लिंका आपल्या हातात असतात. त्यांची दुरुस्ती आज संध्याकाळी करता येईल. पण दुसऱ्याने दिलेल्या लिंकला वजन अधिक, कारण ती बाहेरच्याची साक्ष असते. अशी साक्ष मिळविण्याच्या जागा आपल्या धंद्यात आधीच आहेत, फक्त आपण मागत नाही.

ज्या इंटिरिअर डेकोरेटरचे काम तुम्ही करता त्याच्या वेबसाईटवर फोटो असतात, पण लाकूडकाम कोणी केले हे नसते. त्याला विनंती करा की फोटोखाली ‘लाकूडकाम : अमुक, ओशिवरा’ एवढे लिहून लिंक द्यावी. ज्या बुटीकला तुम्ही जरदोजी करून देता, ज्या कारखान्याला तुम्ही डाय बनवून देता, ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेता, त्या सर्वांच्या वेबसाईट आहेत. व्यापारी संघटनेच्या सभासद यादीत नुसते आडनाव आणि फोन नंबर असतो, तेथे कामाचे नाव घालून घ्या. १९९६ साली मुंबईत सुरू झालेले जस्ट डायल असो, त्याच वर्षी निघालेले इंडियामार्ट असो, अथवा सरकारी खरेदीसाठी २०१६ पासून चालणारे जेम पोर्टल असो, तेथील नोंदीत आपले काम नेमक्या शब्दांत लिहावे. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्रामवर टाकलेली लिंक गिऱ्हाईक आणते, पण क्रम लावताना सर्च इंजिन अशा लिंकला सहसा वजन देत नाही, हे ध्यानात ठेवावे.

विनंती करताना एक पथ्य पाळावे. सर्वांना एकच घोटलेले वाक्य लिहून देऊ नये. डेकोरेटर आपल्या शब्दांत लिहील, घाऊक व्यापारी आपल्या शब्दांत. कोणी दुकानाचे नाव लिहील, कोणी कामाचे, कोणी भागाचे. तेच स्वाभाविक आहे. पन्नास माणसे एकच वाक्य अक्षरशः तसेच बोलू लागली, तर न्यायालयालाही ते साक्षीदार पढवलेले वाटतील.

कोल्हापुरीचा धडा

शब्दाने काय फरक पडतो याचे अलीकडचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. २२ जून २०२५ रोजी इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीच्या कपड्यांच्या प्रदर्शनात कोल्हापुरी घाटाच्या चपला दिसल्या. वर्णनात त्या नुसत्या चामडी चपला होत्या. कोल्हापूरचे नाव नव्हते. २०१९ साली ‘कोल्हापुरी चप्पल’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळालेले होते आणि त्यात महाराष्ट्राचे चार व कर्नाटकाचे चार असे आठ जिल्हे येतात. कारागिरांनी व महाराष्ट्र चेंबरने आवाज उठविला. तेव्हा कंपनीने ही घडण भारतातील हस्तकलेवरून घेतल्याचे मान्य केले, तिची माणसे कोल्हापूरला येऊन गेली आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला.

प्रकरण लिंकचे नव्हते, वर्णनाचे होते. पण आमच्या मुद्द्याशी त्याचा थेट संबंध आहे. ‘चामडी चप्पल’ म्हटले की लक्ष दाखविणाऱ्याकडे जाते. ‘कोल्हापुरी चप्पल’ म्हटले की विचारणारा कोल्हापूरच्या कारागिरापर्यंत पोहोचतो. माल तोच, हात तेच, फक्त एका शब्दाने वाट बदलते. ओशिवऱ्याच्या सुताराचे आणि धारावीच्या चामडे कारागिराचे काम रोज अशाच बिननावाच्या वर्णनाखाली विकले जात आहे.

लबाडीचा शेवट

शब्दांत ताकद आहे म्हटल्यावर लबाडी करणारेही आले. २००३ साली अमेरिकेत काही लोकांनी संगनमत केले. ‘दारुण अपयश’ अशा अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांवर त्यांनी राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या चरित्राच्या पानाची लिंक लावली. त्या पानावर ते शब्द कोठेही नव्हते, तरी ते शोधणाऱ्याला पहिल्यांदा तेच पान दिसू लागले. गूगलने जानेवारी २००७ मध्ये आपल्या पद्धतीत बदल करून असे प्रकार थोपविले.

ती राजकीय थट्टा होती. धंद्यातले उदाहरण जे. सी. पेनी या अमेरिकेतील मोठ्या दुकानसाखळीचे. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तपास करून दाखविले की कपडे, अंथरुणे, सतरंज्या अशा शब्दांवर ही कंपनी महिनोन्‌महिने पहिली येत होती. कारण दोन हजारांहून अधिक पानांवर नेमक्या त्याच शब्दांच्या लिंका पेरल्या होत्या. त्यांतील कितीतरी पानांचा कपड्यांशी काही संबंध नव्हता. आपल्याला हे माहीत नव्हते असे कंपनीने सांगितले व सर्च इंजिनचे काम पाहणाऱ्या संस्थेला काढून टाकले. गूगलने शिक्षा केली. ‘दिवाणखान्याचे फर्निचर’ या अर्थाच्या शब्दांवर ही कंपनी संध्याकाळी सात वाजता पहिली होती, रात्री नऊ वाजता ती ६८ व्या जागी गेली. ओशिवऱ्याच्या बांधवांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

२४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने पेंग्विन नावाची सुधारणा आणली आणि अशा पेरलेल्या लिंकांवर यंत्रामार्फतच नजर ठेवणे सुरू झाले. २०१६ पासून ती गूगलच्या मूळ पद्धतीचाच भाग आहे. क्रम वाढविण्यासाठी पैसे देऊन लिंक घेणे, माल फुकट देऊन लिंक घेणे, ‘तू माझी लाव, मी तुझी लावतो’ असा घाऊक देवाणघेवाणीचा धंदा करणे, हे सर्व नियमबाह्य आहे. संस्कृतातल्या गाढव आणि उंटासारखी एकमेकांच्या रूपाची व आवाजाची स्तुती आता यंत्रालाही ओळखता येते. जाहिरात म्हणून पैसे देऊन लिंक घ्यायला हरकत नाही, पण ती जाहिरात आहे अशी खूण तिच्यात नोंदवावी लागते. त्यासाठीची वेगळी खूण गूगलने २०१९ पासून दिलेली आहे.

तेव्हा फोन करून ‘महिनाभरात पहिल्या नंबरवर आणतो, गॅरंटी’ म्हणणारा भेटला तर सावध व्हावे. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गूगलनेच स्पष्ट केले आहे. काम द्यायचेच असेल तर त्याच्याकडून लेखी घ्यावे की लिंका कोणत्या वेबसाईटवर, कोणत्या शब्दांत लावणार. तो सांगायला तयार नसेल तर समजून जावे. मोठी कंपनी अशा शिक्षेतून सावरते, तिच्याकडे वकील आहेत, पैसा आहे. एका गाळ्यावर पोट असणाऱ्याला सहा महिने गूगलवरून नाहीसे होणे परवडत नाही.

नावात भर घालू नये

याच जातीची एक चूक नकाशावरील नोंदीत होते. गूगलवर दुकानाची नोंद फुकट करता येते आणि ती प्रत्येकाने करावीच. जवळपासचे दुकान शोधणाऱ्याला उत्तर देताना गूगल मुख्यतः तीन गोष्टी पाहते. दुकान त्या कामाचे आहे काय, किती लांब आहे आणि त्याचा लौकिक किती आहे. काही जण वर येण्यासाठी दुकानाच्या नावातच ‘स्वस्त सोफा, बेस्ट फर्निचर, अंधेरी, जोगेश्वरी, बोरिवली’ अशी शेपटी जोडतात. हे नियमाविरुद्ध आहे आणि त्यामुळे नोंद बंद होऊ शकते. नाव दारावरच्या पाटीवर आहे तेच लिहावे. कामाचे शब्द लिहिण्यासाठी तेथे वेगळी जागा दिलेली असते.

आता काय करावे?

आमची सूचना अशी आहे. आधी एका कागदावर गेल्या महिन्यातील दहा गिऱ्हाइकांनी फोनवर काय मागितले ते त्यांच्याच शब्दांत लिहावे. ‘जुना पलंग लहान करून द्याल का’, ‘दरवाज्याला जाळी बसवता का’ अशी ती वाक्ये असतील. तुमच्या लिंकांसाठी यापेक्षा चांगले शब्द कोणताही सल्लागार देऊ शकणार नाही. मग वेबसाईटवरील प्रत्येक ‘येथे क्लिक करा’ शोधून त्या जागी योग्य शब्द घालावेत. संगणक येणारा घरातला मुलगा किंवा मुलगी हे काम एका रविवारी करील. नंतर ज्यांच्याशी वर्षानुवर्षे व्यवहार आहे अशा पाच जणांना आपल्या कामाचे नाव घेऊन लिंक देण्याची विनंती करावी.

शेवटी, गूगलचे सर्च कन्सोल नावाचे साधन फुकट मिळते. त्यात आपली वेबसाईट जोडली की गिऱ्हाईक कोणते शब्द लिहून आपल्यापर्यंत आले ते दिसते. त्यातच लिंकांच्या अहवालात ‘टॉप लिंकिंग टेक्स्ट’ नावाची यादी असते. जग आपल्याला कोणत्या शब्दांनी ओळखते त्याची ही खतावणी होय. तीन महिन्यांनी ती उघडून पाहावी. तीत अजूनही ‘येथे क्लिक करा’ वर असेल तर काम बाकी आहे. अनोळखी वेबसाईटवरून एकच शब्द शेकडो वेळा आलेला दिसला, तर कोणी आपल्या नावावर पेरणी तर केली नाही ना, याची चौकशी करावी. आणि जर तेथे तुमचे नाव, तुमचा भाग आणि तुमच्या हाताचे काम हे तीन शब्द दिसू लागले असतील, तर दलालाला विचारण्याआधी गिऱ्हाईक तुम्हाला फोन करील.